श्रोत्यांचा हक्क : धाराशिव जिल्ह्यातील दैवतकथा आणि दूरचित्रवाणी

धाराशिव जिल्ह्यात दैवतांच्या अद्भुत कथा दूरचित्रवाणी येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून रात्र रात्र सांगितल्या जात होत्या. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ, नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाचे जागरण आणि श्रावणात देवळात लावलेली पोथी ही त्या कथनाची तीन मुख्य ठिकाणे. या तिन्ही ठिकाणी ऐकणारा माणूस नुसता ऐकत बसत नसे. कोणती कथा लावायची हे तो ठरवी, चुकले तर टोकत असे, आवडले तर पैसा टाकी. १९८७ पासून याच प्रकारच्या कथा मालिकांच्या रूपाने पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला प्रेक्षक ही सवय घेऊनच बसला होता. पौराणिक मालिकांना मिळालेल्या दादेची आणि त्यांच्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांची मुळे या सवयीत शोधावी लागतात.

जिल्ह्याच्या भूगोलावर या कथा जागोजाग नोंदलेल्या आहेत. तुळजाभवानीची कथा स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडाशी जोडलेल्या तुळजामाहात्म्यात येते. कर्दम ऋषींच्या निधनानंतर त्यांची पत्नी अनुभूती तपाला बसते, कुकुर नावाचा दैत्य तिच्यावर वाईट नजर ठेवतो, तिच्या हाकेला देवी धावून येते आणि दैत्याचा वध करून बालाघाटाच्या डोंगरावरच राहते. गाभाऱ्यातली मूर्ती महिषासुरमर्दिनीची, अष्टभुजा आहे. त्यामुळे लढाईत कुकुराने रेड्याचे रूप घेतले, असे सांगून कथा आणि मूर्ती यांचा मेळ घातला जातो. तुळजापुरातच घाटशीळ आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने या शिळेवरून लंकेची वाट दाखवली, अशी श्रद्धा आहे. रामदासांनीही भवानीला रामवरदायिनी म्हणून आळवले. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याची येडेश्वरी याच प्रसंगाची दुसरी बाजू सांगते. रामाची परीक्षा पाहायला पार्वती सीतेचे रूप घेऊन आली, रामाने तिला ओळखले आणि ‘वेडी आई’ म्हटले, तीच ही येडाई. चैत्री पौर्णिमेनंतर तिची पालखी आमराईत जाते आणि वाटेवर हजारो माणसे चुनखडीचे खडे वेचतात. म्हणजे रामायणाचा एक तुकडा या जिल्ह्याने आपल्या जमिनीत रोवून घेतला आहे, आणि तो वाल्मीकींच्या ग्रंथात सापडत नाही.

खंडोबाचे तर येथे घरच दोन गावांत वाटलेले आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर आणि नळदुर्ग या ठिकाणी देवाची मूर्ती एकच. वर्षातले साधारण दहा महिने ती अणदूरला असते आणि दोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मूर्ती हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. पौष पौर्णिमेला नळदुर्गची मोठी यात्रा भरते. खंडोबा आणि बाणाई यांचे लग्न नळदुर्गला लागले, असे परंपरा सांगते. बाणाई धनगराची लेक, तिचे मूळ गाव चंदनपुरी. आधीची म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची मुलगी. सारीपाटाच्या डावात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षांच्या वनवासाला निघतो, चंदनपुरीत बाणाईच्या बापाकडे मेंढरे राखायला राहतो, मेलेली मेंढरे जिवंत करून दाखवतो आणि त्या बदल्यात मुलगी मागतो. मराठी लोककथेत इतकी रंगतदार प्रेमकथा क्वचित सापडेल. मल्हारीमाहात्म्य या पोथीत भर आहे तो मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधावर. सवतींचे भांडण वाघ्या-मुरळीच्या तोंडून फुलले, पोथीतून नव्हे.

गोंधळाची रचना पाहिली की श्रोत्याचे स्थान कळते. लग्नानंतर किंवा नवस फेडताना घरधनी गोंधळ्याला सुपारी देतो. अंगणात पाटावर खण अंथरून चौक मांडतात, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विड्याची पाने. दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे सुरू होते. पूर्वरंगात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा देवांना गावाच्या नावानिशी बोलावणे जाते. उत्तररंगात आख्यान लागते. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद मानतात. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई, त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. आख्यान लावणारा नाईक एकटा बोलत नाही. त्याचा साथीदार मधेच शंका काढतो, भलताच अर्थ लावतो, देवाच्या वागण्यावरही तिरकस प्रश्न विचारतो. जमलेल्या माणसांच्या मनात जे येते ते या साथीदाराच्या तोंडून बाहेर पडते, आणि नाईकाला त्याचे उत्तर देऊनच पुढे जावे लागते. संशयी श्रोत्यासाठी कथेतच जागा राखून ठेवणारी ही योजना आहे. पुढे पडद्यावरच्या कथेत नेमकी हीच जागा राहिली नाही.

आख्याने ठरावीक असली तरी त्यांचा पाठ ठरलेला नसतो. पांडवांच्या वनवासातले जांभूळ आख्यान हे त्याचे सर्वांत धीट उदाहरण. पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ होती, आणि झाडावरून तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला लावण्याच्या निमित्ताने ती उघड झाली, असे हे आख्यान सांगते. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते नागर रंगभूमीवर नेऊन गाजवले. व्यासांच्या महाभारतात याचा मागमूस नाही, पण गोंधळाला बसलेल्या कुणी ते खोटे म्हणून उठून गेले नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी गोंधळी, वाघ्या, भुत्ये, आराधी अशा उपासकांवर जे विपुल लिहिले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या कथांचे प्रामाण्य ग्रंथावर नव्हे, सांगणाऱ्याच्या अधिकारावर आणि ऐकणाऱ्यांच्या मान्यतेवर उभे होते.

पोथीची गोष्ट वेगळी होती. श्रीधरस्वामींचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) आणि पांडवप्रताप (१७१२) हे ओवीबद्ध ग्रंथ मराठी खेड्यांतल्या पुराणश्रवणाचा कणा आहेत. एकाने ओवी वाचायची आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा, असा क्रम देवळात महिना-दोन महिने चाले, आणि समाप्तीला गावजेवण होई. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांनाही पुढचा अध्याय कोणता हे पाठ असे, आणि वाचणाऱ्याने ओवी गाळली तर ती लक्षात येई. परंडा तालुक्यातल्या डोमगावला रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. त्या परिसरात रामकथेला अशी ग्रंथनिष्ठ बैठक होती. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेचे श्रोते तयार झाले होते. एकाला कथेत मोकळीक चाले, दुसऱ्याला अक्षर चुकलेले चालत नसे. मालिकांवरच्या पुढच्या सगळ्या वादांत हे दोघे आलटून पालटून दिसतात.

तिसरा एक थर उर्दूचा होता. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, गुलबर्गा सुभ्यात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणत, आणि २०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव झाले. संस्थानात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने शिकलेल्या मराठी माणसाला हातिमताई, अलिफ लैला, जादूचे किल्ले आणि तिलिस्म ओळखीचे होते. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी गोष्टींचे जे भाषांतर केले, त्याचे ‘सुरस आणि चमत्कारिक’ हे शब्द बोलण्यात रुळून गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि ना. स. रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या कादंबऱ्याही अद्भुतरम्यच. मात्र मराठी वाङ्मयाने पुढे वास्तवाची कास धरली आणि अद्भुताला बालवाङ्मयात व जत्रेतल्या पुस्तकांच्या दुकानांत धाडले. मोठ्यांचे अद्भुत देवाच्या कथेपुरते उरले. दुसऱ्या देशांत ज्या जागी कल्पित राज्ये आणि ड्रॅगन आले, त्या जागी मराठवाड्यात कुकुर, मणी आणि मल्ल राहिले.

पडद्यावरचा देव पहिल्यांदा दिसला तो चित्रपटात. दादासाहेब फाळक्यांच्या लंकादहन (१९१७) मध्ये राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायताण काढून ठेवत, अशी नोंद आहे. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या, आणि याचे कुणाला वावडे वाटले नाही. प्रभातच्या संत तुकाराम (१९३६) नंतर विष्णुपंत पागनीस यांचे रूपच तुकारामांचे रूप झाले. घराघरांत लागलेल्या तसबिरींतले तुकाराम बरेचदा पागनीसच असतात. मराठवाड्यात चित्रपट पोचला तो प्रामुख्याने जत्रेतल्या तंबूंतून, जिथे देवाचे दर्शन आणि देवाचा सिनेमा एकाच दिवशी घडे. १९७५ च्या जय संतोषी माँ वेळी देशभर चित्रपटगृहांत चपला बाहेर राहिल्या आणि पडद्यावर नाणी पडली. दूरचित्रवाणीसमोर पुढे जे घडले, त्याची तालीम येथे आधीच झालेली होती.

दूरचित्रवाणी या भागाच्या उंबरठ्यापर्यंत लवकर आली आणि आत उशिरा शिरली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा साइट हा प्रयोग देशातल्या सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यात जिल्ह्याला लागून असलेल्या गुलबर्ग्यातली गावे होती. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले तरी मराठवाड्याच्या आतल्या भागात चित्र पोचायला १९८० चे दशक उजाडावे लागले. १९८४ नंतर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले, ग्रामपंचायतींना संच मिळाले, कुठे शिक्षकाच्या तर कुठे सावकाराच्या घरी टीव्ही आला. छपरावर ॲन्टेना फिरवणारा एक पोरगा आणि खाली ‘आलं, आलं, गेलं’ ओरडणारा दुसरा, हे त्या काळचे नित्याचे चित्र. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई.

२५ जानेवारी १९८७ ला रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे रामायण सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. मूळ योजना ५२ भागांची होती, ती वाढत वाढत ७८ वर गेली. अंघोळ करून बसणे, संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे, राम आल्यावर हात जोडणे हे प्रकार सगळ्या देशात झाले, आणि वीज गेल्यावर काही ठिकाणी वीजकेंद्रांवर लोक चालून गेले. शहरी वृत्तपत्रांनी याला भाबडेपणा म्हटले. ते मत वरवरचे होते. जिथे गोंधळात चौक मांडून देवाला बोलावल्याशिवाय आख्यान लागत नाही, तिथे कथा सुरू होण्याआधी दिवा लावणे हा शिरस्ता होता. माणसे यंत्राची पूजा करत नव्हती, कथेची बैठक नीट मांडत होती.

सागर यांनी अनेक भाषांतली रामायणे आधाराला घेतल्याचे सांगितले, त्यात एकनाथांचे भावार्थरामायणही होते. तरी पडद्यावरचा मुख्य प्रवाह तुलसीदासांचा आणि उत्तर हिंदुस्थानी होता. रामविजय ऐकून मोठ्या झालेल्या पिढीला काही प्रसंग अनोळखी वाटणे आणि काही हवे ते न मिळणे अपरिहार्य होते. घाटशिळेचा किंवा येडाईचा राम तेथे येण्याचा प्रश्नच नव्हता. देशासाठी एकच कथा सांगायची म्हटल्यावर गावोगावचे हे पाठभेद गळून पडतात. रोमिला थापर यांच्यासारख्या इतिहासकारांनी याच मुद्द्यावर मालिकेवर टीका केली, की अनेक रामकथांच्या जागी सरकारी माध्यम एकच अधिकृत रामकथा बसवत आहे. खेड्यातल्या श्रोत्याला त्या टीकेची भाषा नवी होती, अनुभव मात्र ओळखीचा होता. त्याने त्यावर शांतपणे तोडगा काढला. रविवारी सागरांचा राम पाहायचा आणि चैत्रात येरमाळ्याला चुनखडी वेचायला जायचे.

प्रेक्षकांनी कथा बदलायला लावल्याचा या काळातला सर्वांत ठळक प्रसंग पंजाबातला आहे. राज्याभिषेकावर मालिका थांबणार हे कळल्यावर जालंधर आणि इतर शहरांतल्या सफाई कामगारांनी १९८८ मध्ये संप केला. ते महर्षी वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजातले होते, आणि वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेल्या लव-कुशांची कथा वगळली जाणे त्यांना मान्य नव्हते. शेवटी सरकारला उत्तररामायण काढायला परवानगी द्यावी लागली. सांगणाऱ्याला पुढचे आख्यान लावायला भाग पाडणारा श्रोता इथे राष्ट्रीय पातळीवर दिसला, पण त्यासाठी त्याला कचरा उचलणे थांबवावे लागले. गोंधळाच्या अंगणात नुसता आवाज दिला असता तरी पुरले असते.

२ ऑक्टोबर १९८८ ला बी. आर. चोप्रा यांचे महाभारत सुरू झाले आणि २४ जून १९९० पर्यंत ९४ भाग चालले. संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. मुसलमान लेखकाने महाभारत का लिहावे, अशी पत्रे निर्मात्यांना आली होती. ती येणे दुर्दैवी, पण त्याच मालिकेतले ‘पिताश्री’ आणि ‘भ्राताश्री’ पोरांच्या खेळात शिरले ही रझांची खरी पावती. मराठी प्रेक्षकाला या मालिकेची दोन कारणांनी वेगळी ओढ होती. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज मराठी होते. आणि महाभारताविषयी मराठी वाचकाची मते आधीच पक्की झालेली होती. दुर्गा भागवतांचे व्यासपर्व (१९६२), इरावती कर्वे यांचे युगान्त (१९६७) आणि शिवाजी सावंतांचे मृत्युंजय (१९६७) यांनी त्या पात्रांना माणसांचे मन दिले होते. मृत्युंजय तालुक्याच्या वाचनालयांतही हातोहात फिरलेले पुस्तक. ते वाचलेल्याला पडद्यावरच्या कर्णाकडे पाहताना सावंतांचा कर्ण दिसणारच. आवडत्या पुस्तकाचे पात्र पडद्यावर कमी पडले, ही आज जगभरच्या वाचकांची तक्रार. मराठीत ती या मालिकेच्या वेळी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा उमटली असे म्हणायला हरकत नाही, जरी मालिका मृत्युंजयवर बेतलेली नव्हती. जांभूळ आख्यानातली द्रौपदी मात्र अशा राष्ट्रीय महाभारतात कधीच येऊ शकली नसती.

अद्भुताची निव्वळ करमणूक म्हणून चाललेली शाखाही होती. विक्रम और बेताल (१९८५) बेताल पच्चिशीवर आधारलेली, अलिफ लैला १९९३ ची, आणि देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी कादंबरीवरून केलेली चंद्रकांता १९९४ मध्ये आली. चंद्रकांतेने मूळ कादंबरीचा सांगाडा घेऊन बाकी मनाप्रमाणे बांधले. महाराष्ट्रात मूळ पुस्तक फारसे कुणी वाचलेले नसल्याने येथे त्याची खंत कुणाला वाटली नाही. क्रूरसिंगाच्या भुवया तेवढ्या लक्षात राहिल्या. ज्या कथेवर आपला हक्क नाही तिच्याविषयी आक्षेपही नसतो, हे या उदाहरणावरून कळते.

उपग्रह वाहिन्यांनी मराठी दैवतकथा मराठीत आणल्या आणि तेव्हा खरी जवळीक, खरी कुरबुर सुरू झाली. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये आली. पहिलीची पुढे झी मराठी आणि दुसरीची कलर्स मराठी झाली. स्टार प्रवाह २००८ मध्ये सुरू झाली. डिश स्वस्त झाल्या आणि पत्र्याच्या घरांवरही दिसू लागल्या. मे २०१४ मध्ये झी मराठीवर जय मल्हार सुरू झाली आणि एप्रिल २०१७ पर्यंत चालली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू, म्हणजे बाणाई. निर्मिती महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनची. जेजुरी, पाली, नळदुर्ग या ठाण्यांवरच्या कथा या मालिकेने राज्यभराच्या बैठकीत नेल्या.

जय मल्हारने दोन जुन्या पाठांपैकी एकाची निवड केली. मणी-मल्ल वधाचा वीररस तिच्यात होता, पण तीन वर्षे प्रेक्षकाला बांधून ठेवले ते म्हाळसा आणि बानू यांनी, म्हणजे वाघ्या-मुरळीच्या कथेने. दैवतकथा घरगुती मालिकेच्या साच्यात घातली, अशी टीका तेव्हा झाली. ती अर्धीच खरी आहे. जागरणाच्या गाण्यांत सवतींचे टोमणे, देवाची तारांबळ आणि धनगरवाड्याची थट्टा आधीपासून आहे. साचा वाहिनीने तयार केला नाही, तो तिला आयता मिळाला. बदलले ते दुसरे काही. जागरणात म्हाळसेची बाजू घेणारे आणि बानूची बाजू घेणारे एकाच मांडवात समोरासमोर बसतात आणि वाघ्या दोघांना हसवतो. म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची, म्हणून या थट्टेत जातींचे नातेही तुटते-जुळते. मालिकेच्या प्रेक्षकांनी बाजू घेतल्या त्या आपापल्या घरात बसून, आणि वाघ्याचे काम जाहिरातींकडे गेले.

आक्षेपाची संघटित भाषा दुसऱ्या एका दैवताच्या बाबतीत पुढे आली. २०२० मध्ये स्टार प्रवाहवर दख्खनचा राजा जोतिबा सुरू झाली, तेव्हा कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगरावरचे ग्रामस्थ आणि पुजारी यांनी कथानकाला हरकत घेतली. दैवताची कथा केदारविजय या ग्रंथाप्रमाणे दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. पोथी ऐकणारा श्रोता हा असा. त्याला ओवी गाळलेली चालत नाही. या तऱ्हेच्या तक्रारींसाठी एव्हाना कायदेशीर मार्गही तयार झाले होते. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याने कार्यक्रमसंहिता लागू केली होती, आणि २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र परिषद नेमली होती. तरी क्षेत्रस्थ पुजाऱ्यांनी पसंत केला तो जुनाच मार्ग, बैठक घ्यायची आणि सांगणाऱ्याला समोर बोलवायचे. हे त्यांच्या मानाला धरून होते. मात्र देवस्थानाचा पाठ तोच एकमेव खरा, असा दावा त्यात शिरला की डवरी, गोंधळी आणि आराधी यांच्या तोंडच्या कथा परस्पर खोट्या ठरतात, याचा विचार अशा वादांत सहसा कुणी करत नाही.

त्याच वर्षी टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असा दूरदर्शनचा दावा होता. देवळे बंद, यात्रा बंद, येरमाळ्याची चैत्री भरू शकली नाही, अशा दिवसांत ही मालिका लागली. १९८७ ला वाड्यात पन्नास माणसे एका संचासमोर बसत, आता एका घरात चार माणसे आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दाद आणि टिंगल दोन्ही फोनवरून फिरली. रावणाचे काम केलेले अरविंद त्रिवेदी म्हातारपणी आपलाच सीताहरणाचा प्रसंग हात जोडून पाहत आहेत, अशी चित्रफीत तेव्हा खूप पाहिली गेली.

या काळात जगात इतरत्र जे चालले होते, त्याच्याशी तुलना उद्बोधक आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवरची गेम ऑफ थ्रोन्स ही इंग्रजी मालिका २०१९ मध्ये संपली. शेवटचा मोसम नव्या लेखकांकडून पुन्हा करून घ्यावा, असा अर्ज प्रेक्षकांनी काढला आणि त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मूळ कादंबऱ्याच अपुऱ्या होत्या, म्हणजे पडताळायला पोथी नव्हती, तरी वाचकांना शेवट चुकला असे ठामपणे वाटले. मालिका पुन्हा झाली नाही. तिकडे कथेचा धनी एक हयात लेखक असतो आणि वाद त्याच्या शब्दाशी निष्ठेचा असतो. तुळजाभवानीच्या किंवा खंडोबाच्या कथेला असा एक धनी नाही. भोपे पुजारी, गोंधळी, आराधी, धनगर, कुळाचार पाळणारी लाखो घरे हे सगळेच वाटेकरी, आणि प्रत्येकाजवळ थोडी वेगळी कथा. म्हणून येथे अर्जावर सह्या गोळा होण्यापेक्षा ‘आमच्याकडे असं सांगत नाहीत’ हे वाक्य जास्त ऐकू येते.

३ ऑक्टोबर २०२४ ला, घटस्थापनेच्या दिवशी, कलर्स मराठीवर आई तुळजाभवानी ही मालिका सुरू झाली. देवीची भूमिका पूजा काळे यांनी केली. खुद्द जिल्ह्याच्या मुख्य दैवतावर रोजची मालिका येण्याचा हा मोठा प्रसंग. मुहूर्त अचूक निवडला होता, कारण नवरात्राआधी तुळजापूरची मूर्ती गाभाऱ्यातून काढून पलंगावर निजवली जाते, घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते, आणि कथा सांगायला यापेक्षा योग्य दिवस परंपरेतही नाही. पण रोज अर्धा तास चालणाऱ्या मालिकेत तुळजामाहात्म्यातली अनुभूती आणि कुकुर यांची कथा काही आठवड्यांतच संपून जाईल. पुढे भर घालावीच लागते. गोंधळीही भर घालतो. फरक इतकाच की त्याची भर आवडली नाही तर पुढच्या लग्नाची सुपारी दुसऱ्याला जाते.

तुळजापुरात अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्यांची रांग लागते, मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या आराधी दिसतात, आणि महाद्वाराबाहेरच्या दुकानांत कवड्यांच्या माळांशेजारी माहात्म्याच्या छोट्या पोथ्या विकायला असतात. एकेकाळी तेथे आराध्यांच्या गाण्यांच्या कॅसेट मिळत, मग व्हीसीडी आल्या, आता गाणी फोनवरच असतात. लग्नघरी गोंधळ अजूनही घातला जातो, पण रात्रभर चालणारे आख्यान बहुतेक ठिकाणी दीड-दोन तासांवर आले आहे.